फ्युएल टँकच्या एडी आणि सीडीसीसीएल: सही करण्याआधी नेमकं काय बघायचं?

फ्रंटस्पार

नमस्कार. बी१.१ चे (विमान देखभालीच्या लायसन्सचे) पेपर देऊन झालेत, सध्या ७३७-८०० च्या सी-चेकवर (मोठ्या ठरावीक तपासणीवर) हाताखाली काम शिकतोय. तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

१. फ्युएल टँकच्या काही टास्क कार्डांवर ‘सीडीसीसीएल’ (डिझाइनमधल्या अत्यावश्यक गोष्टी न बदलण्याचं बंधन) असा शेरा असतो. मूळ एडी (एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह) कधीच पूर्ण झालेली असते, रेकॉर्डला नोंदही असते. मग नंतरच्या साध्या कामातही तोच क्लॅम्प, तीच स्लीव्ह हा आग्रह कशासाठी? स्टोअरमध्ये त्याच मापाचा दुसरा क्लॅम्प असला तर काय बिघडतं?

२. टँकमध्ये शिरण्याआधी एलईएल मीटर (पेटू शकणारी वाफ मोजणारा) शून्य दाखवत असला तरी ऑक्सिजन वेगळा का मोजायचा?

३. एसबी (सर्व्हिस बुलेटिन), एसएआयबी (सुरक्षेची माहिती देणारं बुलेटिन) आणि एडी यांत बंधनकारक नक्की काय? २०२५ मध्ये फ्युएल कंट्रोल स्विचच्या (इंजिनाचं इंधन चालू-बंद करणाऱ्या) बातम्या आल्यापासून प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कंड्युट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १७ जुलै १९९६ च्या रात्रीपासून सुरू होतं. टीडब्ल्यूए ८००, बोइंग ७४७, न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं. उड्डाणानंतर साधारण १२ मिनिटांत सेंटर विंग टँकचा स्फोट झाला, २३० जण गेले. टँक जवळपास रिकामा होता, तळाशी जेमतेम ५० गॅलन इंधन. खाली एअर कंडिशनिंग पॅक जमिनीवर दोन तासांहून जास्त चालू होते. त्यांच्या उष्णतेने ते थोडंसं इंधन वाफ होऊन टँकभर पसरलं. ठिणगी कुठली ते अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेला, एनटीएसबीला, खात्रीने सांगता आलं नाही. सर्वांत संभाव्य कारण म्हणून त्यांनी हे दिलं: टँकच्या बाहेर शॉर्ट सर्किट झालं आणि जास्तीचा व्होल्टेज फ्युएल क्वांटिटीच्या (इंधन किती आहे ते मोजणाऱ्या) वायरीतून आत गेला.

इथेच सगळ्यांची समजूत बदलली. तोवर विचार असा होता की टँकमध्ये ठिणगी पडू दिली नाही की झालं. पण ठिणगी बाहेरून आत येऊ शकते, आणि तिला लागणारी ऊर्जा अगदी क्षुल्लक असते. इंधनाच्या वाफेसाठी डिझाइनमध्ये २०० मायक्रोज्यूल ही मर्यादा धरतात. म्हणून २००१ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने, एफएएने, एसएफएआर ८८ हा नियम आणला. उत्पादकांना प्रत्येक मॉडेलची इंधन यंत्रणा पुन्हा तपासावी लागली. त्यातून एडींची रांग लागली आणि सीडीसीसीएल ही संकल्पना आली: डिझाइनमधली जी गोष्ट ठिणगी अडवते, ती विमान भंगारात जाईपर्यंत तशीच राहिली पाहिजे. पंपाच्या वायरीवरची स्लीव्ह, क्वांटिटीच्या वायरी आणि इतर वायरींतलं अंतर, नळ्यांच्या बॉन्डिंग पट्ट्या (धातूचे भाग विजेने जोडून ठेवणाऱ्या), पंप कोणत्या सीएमएमच्या (त्या भागाच्या मॅन्युअलच्या) कोणत्या रिव्हिजननुसार ओव्हरहॉल करायचा, हे सगळं त्यात येतं.

एडीचं काम एक दिवस होतं. त्यानंतर २० वर्षांत त्याच जागी शंभर हात लागतात. त्यातल्या एकाने जरी वायर दोन इंच सरकवली तरी एडी कागदावर पूर्ण राहते आणि विमानात राहत नाही. सीडीसीसीएलचा शेरा त्या शंभर हातांसाठी आहे.

आता क्लॅम्प. माप तेच, पण आतलं रबर कोणतं? इथिलीन-प्रॉपिलीनचं कुशन स्कायड्रॉलजवळ (हायड्रॉलिक तेलाजवळ) उत्तम टिकतं, म्हणून ते व्हील वेलमध्ये (चाकांच्या कप्प्यात) दिसतं. तेच इंधनात फुगतं, मऊ पडतं आणि तुटून गळतं. नायट्राइलचं याच्या नेमकं उलट. चुकीचं कुशन टँकमध्ये गेलं की काही महिन्यांनी क्लॅम्पची नुसती धातूची पट्टी वायरीवर घासत बसते. बाहेरून क्लॅम्प जागच्या जागी दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

घासलेली वायर काय करते याचं उदाहरण आपल्या देशातच घडलंय. ४ मे २००६ ला बंगळूरला जमिनीवर असलेल्या मालवाहू ७२७ चा डाव्या पंखातला टँक फुटला. बूस्ट पंपाच्या वायरी अ‍ॅल्युमिनियमच्या कंड्युटमध्ये (वायरींच्या नळीत) आर्क झाल्या होत्या. सुदैवाने कुणी दगावलं नाही. त्याआधी मे १९९८ मध्ये जुन्या ७३७ वर हाच दोष सापडला होता आणि ५०,००० तासांवरची विमानं तपासणी होईपर्यंत उडवायला एफएएने मनाई केली होती.

‘सर्किट ब्रेकर आहे ना?’ असं बरेच जण विचारतात. साधा थर्मल ब्रेकर उष्णतेवर चालतो. आर्क क्षणभर होतो, थांबतो, पुन्हा होतो. सरासरी करंट वाढतच नाही, ब्रेकर थंडच राहतो, आणि तेवढ्यात कंड्युटला भोक पडून जातं. म्हणून पुढच्या एडींनी पंपाच्या रिलेच्या जागी ग्राउंड फॉल्ट ओळखणारं उपकरण बसवायला लावलं. ते तिन्ही फेजचे करंट सतत जुळवून बघतं आणि गेलेला करंट परत आला नाही की काही मिलिसेकंदांत पंप बंद करतं. ते बसवल्यावर त्याची ठरावीक मुदतीची टेस्ट एअरवर्दीनेस लिमिटेशनमध्ये येते. ती टेस्ट चुकली तर एडीच चुकली असं समजा.

टॉर्करेंच

कंड्युट यांनी विजेची बाजू सांगितली. पण इंधनाच्या एडीतली सगळ्यात शिकण्यासारखी घटना निव्वळ नट-बोल्टची आहे आणि ती तुमच्याच ७३७-८०० वरची आहे.

२० ऑगस्ट २००७, ओकिनावाचं नाहा विमानतळ, चायना एअरलाइन्स १२०. विमान नीट उतरलं, स्टँडवर येऊन थांबलं, आणि उजव्या इंजिनाजवळ आग लागली. आतले सगळे १६५ जण बाहेर पडले. विमान पूर्ण जळालं.

झालं काय ते डोळ्यांसमोर आणा. स्लॅट (पंखाच्या पुढच्या कडेचा सरकता भाग) आत जाताना त्याचा मेन ट्रॅक फ्रंट स्पारमधून (पंखाच्या पुढच्या मुख्य तुळईतून) मागे सरकतो. मागे टँक आहे, म्हणून ट्रॅकसाठी टँकच्या आत एक बंद डबा असतो, स्लॅट कॅन. डब्याच्या आत ट्रॅक, बाहेर चहूकडे इंधन, मधे फक्त डब्याचा पातळ पत्रा. ट्रॅकच्या शेपटाला डाउनस्टॉप असेंब्ली: बोल्ट, स्लीव्ह, स्टॉप, वॉशर, नट. ट्रॅक ठरल्यापेक्षा जास्त पुढे जाऊ नये एवढंच तिचं काम.

हा नट सैल होतो हे आधीच माहीत होतं. त्याबद्दल बोइंगचं सर्व्हिस लेटर होतं आणि त्यानुसार जुलै २००७ मध्ये या विमानावर काम झालं होतं. त्या कामात नटाच्या बाजूचा वॉशर पडला. जागा अशी की हात जेमतेम जातो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. नटाचा बाहेरचा व्यास ट्रॅकच्या भोकापेक्षा लहान, त्यामुळे वॉशरशिवाय अख्खी असेंब्ली त्या भोकातून निसटू शकत होती. निसटली, आणि कॅनमध्ये पडून राहिली. उतरल्यावर स्लॅट आत घेतला तेव्हा ट्रॅकने तोच बोल्ट कॅनच्या पत्र्यातून आरपार दाबला. इंधन कॅनमधून लिडिंग एजच्या (पंखाच्या पुढच्या कडेच्या) बाहेर आलं आणि थेट गरम इंजिनाकडे वाहिलं. सैल नट घट्ट करायला गेलेल्या कामानेच हे झालं, ही गोष्ट या धंद्यात कायम मनात ठेवावी अशी आहे.

पाच दिवसांत एफएएची तातडीची एडी आली: २४ दिवसांत तपासा. इतर विमानांमध्येही सुटे भाग सापडू लागले, तशी मुदत १० दिवसांवर आणली.

या कामात चूक कुठे होते ते सांगतो. कॅन उघडण्याआधी आयपीसीमधलं (भागांच्या सचित्र यादीतलं) चित्र बघून भाग मोजा आणि ट्रेमध्ये त्याच क्रमाने मांडा. काम संपल्यावर ट्रेमध्ये काही उरलं तर ते ‘स्पेअर असेल’ म्हणून बाजूला ठेवू नका. काही पडल्याचा आवाज आला की काम थांबवा आणि ते सापडेपर्यंत कॅनमध्ये बोरस्कोप (नळीच्या टोकाचा कॅमेरा) फिरवा. नुसता आरसा पुरत नाही, कारण कॅनच्या तळाचा मागचा कोपरा आरशात येत नाही. दुसऱ्या माणसाने तपासायचं तेही बोरस्कोपच्या पडद्यावर, पहिल्याच्या शब्दावर नाही.

फिलेट

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हे जिवावरचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एलईएल मीटरमध्ये बहुधा कॅटॅलिटिक सेन्सर असतो. तो वाफेचा थोडा अंश स्वतःवर जाळून मोजतो आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. ७३७-८०० च्या सेंटर टँकला आता नायट्रोजन जनरेशन सिस्टीम असते. टँकमधला ऑक्सिजन १२ टक्क्यांच्या खाली ठेवणं हेच तिचं काम. अशा टँकमध्ये मीटर सोडलात तर वाफ भरपूर असूनही आकडा कमी दिसू शकतो. माणूस मात्र त्या हवेत काही श्वासांत बेशुद्ध पडतो, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. म्हणून क्रम पक्का: आधी ऑक्सिजन, मग एलईएल. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, एलईएल १० टक्क्यांच्या खाली, आणि तुमच्या संस्थेची मर्यादा याहून कडक असेल तर तीच. डीफ्युएल, सम्प ड्रेन, भरपूर व्हेंटिलेशन, आणि मग टँकच्या सगळ्या कोपऱ्यांत मोजणी. फक्त दारातली मोजणी कामाची नाही, जड वाफ रिब्जच्या मधल्या कप्प्यांत खाली बसून राहते. आत माणूस असेपर्यंत ब्लोअर चालू, मोजणी चालू आणि दाराशी एक माणूस उभा. त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. सुती कपडे, स्फोटरोधक दिवे, ब्रेकर ओढून त्यांना कॉलर आणि टॅग.

आत काय न्यायचं नाही याचीही यादी असते. तिच्यात स्टील वूल सर्वांत वर असावं. बॉन्डिंगसाठी पृष्ठभाग घासायला ते हाताला सोयीचं वाटतं. पण त्याचा केसासारखा एक तंतू क्वांटिटी प्रोबच्या टर्मिनलवर राहिला, तर साधारण १०० मिलिअँपिअर करंटलाही तो पेटतो. टँकमधल्या उपकरणांना २५ मिलिअँपिअरची मर्यादा का घातलीय ते यावरून कळेल. बॉन्डिंग मोजतानाही साधा मल्टिमीटर नको. टँकसाठी मान्य असलेला मिलिओहम मीटरच हवा, आणि आकडा एएमएममध्ये (विमानाच्या देखभाल मॅन्युअलमध्ये) त्या जोडासाठी दिलेला.

सीलंटचंही एक सांगून ठेवतो, कारण बऱ्याच एडींचं काम शेवटी तिथेच येऊन थांबतं. फास्टनरवरची सीलंटची टोपी फक्त गळतीसाठी नसते. पंखावर वीज पडली तर फास्टनरच्या टोकाची ठिणगी ती टोपी आतच दाबते. तिच्यात बुडबुडा राहिला तरी गळती होणार नाही, पण संरक्षण गेलं.

बी-२ वर्गाचं सीलंट म्हणजे कालवल्यापासून दोन तास वापरता येतं, पण तो आकडा २५ अंश सेल्सियसचा. त्यावर तापमान साधारण दर साडेपाच अंशांनी वाढलं की वेळ निम्मा होतो. नागपूरला मे महिन्यात हँगर थंड केलेला नसेल तर ४० अंशांना तुमच्या हातात वीस मिनिटंही नसतात. सीलंट ओढताना दोरा सुटायला लागला की ते फेकून द्या. थिनर टाकून पातळ करू नका, ते चिकटल्यासारखं दिसेल आणि पहिल्या हिवाळ्यात सुटेल. आणि सॉल्व्हेंट लावलेली जागा ते सुकायच्या आत कोऱ्या फडक्याने पुसायची. आपोआप सुकू दिलंत तर विरघळलेलं ग्रीस परत तिथेच बसतं.

फ्लायलीफ

तिसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात. एसबी उत्पादकाचं, तो सुचवतो. एसएआयबी एफएएचं, तेही सल्लाच. एडी नियामकाची आणि बंधनकारक. विमान ज्या देशात डिझाइन झालं तिथल्या नियामकाची एडी डीजीसीए (भारताचं विमान नियामक) आपल्याकडे बंधनकारक मानतं. डिसेंबर २०१८ चं एनएम-१८-३३ हे फ्युएल कंट्रोल स्विचच्या लॉकिंगबद्दलचं एसएआयबी होतं, एडी नव्हती. १४ जुलै २०२५ ला डीजीसीएने ती तपासणी २१ जुलैपर्यंत पूर्ण करायचा आदेश दिला, तेव्हा ती भारतात बंधनकारक झाली. माझं स्पष्ट मत आहे की इंधनाशी संबंधित एसएआयबी आलं की हवाई कंपनीने आदेशाची वाट बघू नये.

एडी एखाद्या एसबीचा आधार घेते तेव्हा त्या एसबीतले शब्द मोजून वाचा. ‘इन अकॉर्डन्स विथ’ लिहिलं असेल तर तीच पद्धत, पर्याय नाही. ‘रेफर टू’ असेल तर मान्य असलेली दुसरी पद्धत चालते. ‘आरसी’ (पाळणं आवश्यक) खूण असलेल्या पायरीपासून हटायचं असेल तर एएमओसी (पर्यायी पद्धतीची मंजुरी) हवी, आणि ती एडी काढणाऱ्याकडूनच. ही खूण उगाच आलेली नाही. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला एमडी-८० च्या व्हील वेलमधल्या वायरींच्या एडीमुळे तीन हजारांवर उड्डाणं रद्द करावी लागली. वायरींच्या बांधणीत एकेका इंचाच्या अंतरावरून वाद होता. कुठली पायरी सुरक्षेसाठी अत्यावश्यक आणि कुठली नाही, हे तोवर एसबीत वेगळं दाखवलेलंच नव्हतं.

मुदतही नीट वाचा. डिसेंबर २०१२ च्या ७८७ वरच्या फ्युएल लाइन कपलिंगच्या एडीत दोन मुदती होत्या: लॉकवायर ७ दिवसांत, कपलिंगची जुळणी २१ दिवसांत. पहिली केली आणि एडी ‘क्लोज्ड’ दाखवली, अशी चूक सहज होते.

फ्रंटस्पार

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्करेंच सर, एकच शंका. नाहासारख्या ठिकाणी टॉर्क बरोबर आला म्हणजे वॉशर आहे असं धरता येईल का?

टॉर्करेंच

नाही. टॉर्क फक्त किती घट्ट झालं ते सांगतो, मधे काय आहे ते सांगत नाही. नट बसवायच्या आधी, वॉशर बोल्टवर असताना, बोरस्कोपने फोटो काढा आणि तो टास्क कार्डाला जोडा. कार्डात ती पायरी नसेल तर प्लॅनिंगला लिहून घालायला लावा.