'जॉयलँड' बघून तुम्हाला कोण आठवलं?

सांजवेळ:
काल 'जॉयलँड' (2022) हा पाकिस्तानी सिनेमा परत पाहिला. लाहोरचं एकत्र कुटुंब, व्हीलचेअरवरचे सासरे, घर सांभाळणारा हैदर, पार्लरमध्ये कमावणारी मुमताज. हैदरला बीबा या ट्रान्स नर्तकीच्या मागे नाचायचं काम मिळतं आणि घरचे लगेच मुमताजला नोकरी सोडायला लावतात. सगळे बीबा-हैदरबद्दलच बोलतात, मला मात्र धाकटी काकू आठवली. काका नोकरीला लागले आणि तिच्या शिकवण्या बंद. "आता कशाला दगदग?" आजोबा म्हणाले, तेही प्रेमाने. मग दुपारभर गच्चीत उभी असायची.
तुम्हीही लिहा.

बंड्याची_आई:
शेवट फोडू नका गं, अर्धाच झालाय. कुकर लावून येते.

उंडगा:
मेट्रोतला प्रसंग! बायकांच्या डब्यात ती बाई बीबाला उठवायला बघते, हैदर मध्येच जाऊन बसतो. आमच्या कॉलेजात एकीला होस्टेलच्या कुठल्या मजल्यावर ठेवायचं यावर मीटिंगा झाल्या होत्या. तिला सोडून सगळ्यांना बोलावलं होतं.

अबोली:
मी ट्रान्स आहे. हैदर मला फारसा नाही आवडला. बीबा त्याला हाकलते तिथे मी टाळी वाजवली. तिला बाई म्हणून जवळ घेणारा हवा होता, हा भलतंच शोधत होता. बीबाचं काम अलीना खान या ट्रान्स अभिनेत्रीनेच केलंय, म्हणून ती बिच्चारी वगैरे वाटत नाही. चांगली तोंडाळ आहे. आईला दाखवला तर म्हणे, "केवढी ओरडते." जरा वेळाने, "तुझ्यासारखीच." :)

उंडगा:
आईंना नमस्कार सांग! पण हैदरला स्वतःलाच कुठे कळलं होतं त्याला काय हवंय?

अबोली:
नसेल कळलं. भुर्दंड दोन बायकांनी का भरायचा?

जुना_खोडा:
कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक, आणि घरी बंदी. केंद्राने काटछाट करून सोडला तरी पंजाब प्रांताने, म्हणजे लाहोर जिथे आहे तिथेच, अडवला. 2018 मध्येच ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला होता बरं का तिकडे.

दूरदेशी:
जरा विषयांतर. आमच्या सासूबाई बीबासाठी नाही, शेजारच्या फय्याज नावाच्या बाईंसाठी रडल्या. "म्हातारपणी कुणाजवळ दोन घटका बसावंसं वाटलं की पोरांची अब्रू जाते." त्या एकट्या आहेत बरीच वर्षं. पुढे विचारायचं धाडस नाही झालं.

सांजवेळ:
@दूरदेशी विचार गं. नाहीतर नुसती बस शेजारी.

बंड्याची_आई:
झाला बघून. मुमताजचं असं होतं हे कुणी सांगितलं का नाही मला!!

उंडगा:
तूच म्हणालीस फोडू नका.

बंड्याची_आई:
ते झालंच. ह्यांना दाखवू का? असले सिनेमे लागले की ह्यांना नेमका फोन येतो.

अबोली:
दाखव की. मुमताज दुर्बिणीतून पुरुषाला बघते तो प्रसंग आला की येईल बघ फोन.