थंब मारला की झालं काम?

खडूची धूळ:
आमच्या कॉलेजात जूनपासून हजेरीचं यंत्र आलंय. सकाळी थंब, संध्याकाळी थंब. पहिल्याच आठवड्यापासून पाच वाजता दारापाशी रांग लागायला लागली. आमचे एक सर एरवी मुलांना घेऊन साडेसहापर्यंत लॅबमध्ये बसायचे. आता पाच वाजून एक मिनिटाने गाडीला किक मारतात. विचारलं तर म्हणाले, "यंत्राला तेवढंच हवंय."

वरून तक्रार कायम: प्राध्यापकांना संस्थेबद्दल आपुलकी राहिली नाही. अहो, यावी कुठून? निर्णय कळतो तो व्हॉट्सॲपवर, रात्री दहाला, 'उद्या बारापर्यंत माहिती पाठवावी' असा. २०१० मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्राध्यापकांची कामगिरी मोजणारे एपीआयचे गुण आणले आणि सगळे शोधनिबंधांच्या मागे धावले. पैसे घेऊन छापणाऱ्या मासिकांची चांदी झाली. २०१८ च्या नियमावलीत बढतीसाठीचे ते गुण गेले, सवय मात्र राहिली. मोजलं जातं ते काम, बाकी सगळी हौस. कॉलेज त्या हौसेवरच चालत होतं, हे कुणी बघितलंच नाही.

रोखठोक:
सर, तळमळीने लिहिलंय, पण बाजू अर्धीच. मी नऊ वर्षं प्राचार्य होतो. पहिल्या तासाला वीस मिनिटं उशिरा येणारे, दुपारी प्लॉटचे व्यवहार बघणारे, सगळे नमुने पाहिलेत. सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला ४० तास काम, त्यातलं प्रत्यक्ष अध्यापन १६ तास. उरलेले २४ तास कुठे असता, असं विचारलं की लगेच शैक्षणिक स्वातंत्र्य आठवतं. मेमो काढला की संघटना दारात आणि संस्थाचालकांचा फोन, "जाऊ द्या हो, आपलाच माणूस आहे." यंत्राला भाचा-पुतण्या कळत नाही, हा त्याचा फार मोठा गुण.

खडूची धूळ:
सर, तेच नमुने आता थंब मारून प्लॉट बघायला जातात. माणूस आवारात शिरला एवढंच यंत्र सांगतं, वर्गात शिरला का ते नाही.

आणि न विचारता वरून लादलं की काय होतं, ते २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात दिसलं. उत्तरपत्रिका संगणकावर तपासायच्या असं ऐन परीक्षांच्या तोंडावर ठरलं, आणि सगळ्या शाखांना एकदम लागू. स्कॅनिंग रखडलं, शिक्षकांचं प्रशिक्षण घाईघाईत. ४५ दिवसांत लागायचे निकाल लागेनात. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं. एका शाखेत आधी करून बघा, हे पेपर तपासणाऱ्या कुणीही सांगितलं असतं.

रोखठोक:
विचारलं असतं तर समिती नेमली गेली असती आणि आजही गठ्ठे टेम्पोतून फिरत असते. संगणकावरची तपासणी पुढे टिकलीच ना?

अर्धवेळ:
दोघांचंही वाचलं. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या मानधनावर, शिकवते. प्राध्यापक होण्यासाठीची नेट परीक्षा झालीय, दोन कॉलेजं, हे नववं वर्ष. यंत्रात माझा अंगठा घेतलेलाच नाही, त्यामुळे तुमचं भांडण मला थोडं श्रीमंती वाटतं. मानधन कधी येईल ते बिलावर सह्या करणाऱ्यांना माहीत, आणि मे महिन्यात आम्ही अस्तित्वातच नसतो. कॉलेजला श्रेणी देणारं नॅक आलं की मात्र सगळ्यांना माझी आठवण! सातपैकी दोन निकषांच्या फायली मी लावल्या, दारातली रांगोळीसुद्धा माझी. समिती आली त्या दिवशी निरोप आला, "मॅडम, तुम्ही लायब्ररीतच थांबा."

खडूची धूळ:
मॅडम, खरंय. वर लिहिताना तुम्हाला मी धरलंच नव्हतं.

टेबल नंबर चार:
आम्हालाही धरलेलं नाही, पण ते नेहमीचंच. ऑफिसातले चौघे निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत. स्कॉलरशिप, परीक्षा फॉर्म, बोनाफाईड, सगळं माझ्याच टेबलावर. मस्टरवर सही आम्ही पहिल्यापासून करतो, त्यामुळे थंबचं दुःख नाही.

आधीचे प्राचार्य सोमवारी अर्धा तास सगळ्यांना चहाला बोलवायचे, शिपायांसकट. मी तिथे एकदा सांगितलं की सकाळच्या एसटीला उशीर झाला की गावाकडच्या मुलांची फॉर्मची वेळ चुकते. दुसऱ्या दिवसापासून खिडकी दुपारीही उघडायला लागली. नवे साहेब आले, चहा बंद, यंत्र सुरू.

रोखठोक:
टेबलसाहेब, चहा मीही पाजलाय. चौथ्या सोमवारी आठ जण उरले होते, त्यातले पाच तुमच्या ऑफिसचे.

टेबल नंबर चार:
मग त्या आठांचं काय ऐकलंत, सर?