भाजल्यानंतरच्या व्रणावर दाब आणि मालिश: पेशींवर नेमका काय परिणाम होतो? (मदत हवी आहे)

माझ्या बहिणीच्या हातावरची भाजल्याची जखम भरून आली आहे, मात्र तिथला व्रण जाड, लालसर आणि ताठ होत चालला आहे. तिला दिवसातले सुमारे २३ तास प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारे घट्ट वस्त्र) घालायला आणि व्रणाला नियमित मालिश करायला सांगितले आहे. ती ते नेमाने करते आहे आणि उपचार बदलण्याचा विचारही नाही. मात्र त्यामागचे शास्त्र समजून घेताना मी एका ठिकाणी अडकलो आहे.

पेशी इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी भोवतालच्या कोलॅजेनच्या (कातडीला बळकटी देणाऱ्या तंतुमय प्रथिनाच्या) जाळ्याला धरून असतात आणि त्या जाळ्यातला ताण त्यांना जाणवतो, एवढे वाचनातून कळले. शिवाय पेशीपटलात दाबाने उघडणारे पिएझो हे आयनमार्ग (विद्युतभारित कणांना ये-जा करू देणारी दारे) असतात. ते २०१० मध्ये उजेडात आणणारे आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चे नोबेल डेव्हिड ज्युलियस यांच्यासह विभागून मिळाले. भरत्या जखमेत ताण आणि टीजीएफ-बीटा (पेशींना संकेत देणारे एक प्रथिन) यांच्या एकत्रित प्रभावाने फायब्रोब्लास्टचे (कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींचे) मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे आकुंचन पावू शकणाऱ्या पेशी, होतात. ते कोलॅजेन तयार करतात, जाळे आवळतात, त्यामुळे ते अधिक ताठ होते आणि तो ताठपणा पुन्हा त्याच पेशींना चेतवतो. छाती आणि खांद्यावरचे व्रण जाड होण्याची प्रवृत्ती अधिक असते, त्यामागे तिथल्या कातडीवरचा ताण हे एक कारण मानले जाते.

माझी अडचण इथेच आहे. ताणाने व्रण वाढत असेल, तर मालिश करताना कातडी ताणली जात असूनही तिचा उपयोग व्हावा तो कसा? दाबाचेही तसेच: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ज्या सततच्या दाबाने बेडसोअर होतात, तोच दाब, अर्थात बराच सौम्य, इथे औषध ठरतो. दाबामुळे व्रणाचा रक्तपुरवठा घटतो आणि कोलॅजेन कमी बनते, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, कारण त्यात पेशींना थेट जाणवणाऱ्या बलाचा विचारच नाही. फरक बलाच्या दिशेत आहे, म्हणजे दाबणे वेगळे आणि ओढणे वेगळे, की ते सतत आहे की अधूनमधून यात, की व्रणाच्या वयात?

व्रणोपचाराचा किंवा पेशीशास्त्राचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सांगावे. एक व्यावहारिक शंकाही आहे: बोटे बधिर होणे किंवा निळसर पडणे ही दाब जास्त झाल्याची उघड लक्षणे झाली, पण त्याआधी, विशेषतः मनगटाच्या हाडापाशी, कोणत्या खुणांकडे लक्ष ठेवावे?