'ऑथेंटिक ब्रँड'ला मराठीत काय म्हणावं? अस्सल, प्रामाणिक, खरा की आणखी काही?

कोकमवाली
आमचा कुडाळजवळ आमसुलं, आगळ आणि कोकम सरबताचा घरचा व्यवसाय आहे. आतापर्यंत ओळखीपाळखीवर माल जात होता, आता इन्स्टाग्रामवर पान काढलंय. मजकूर लिहून देणाऱ्या मुलाने ओळ पाठवली: 'प्रामाणिक चव, प्रामाणिक ब्रँड'. त्याचं म्हणणं असं, की ऑनलाइन गर्दीत उठून दिसायचं तर ऑथेंटिक असावं लागतं आणि ऑथेंटिक म्हणजे प्रामाणिक. मला ती ओळ खटकते, पण का ते नेमकं सांगता येत नाही. 'अस्सल' लिहावं तर तो शब्द प्रत्येक पाकिटावर आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

कोशवाचक
ताई, तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. 'प्रामाणिक' हा 'प्रमाण'वरून आलेला शब्द. संस्कृतात आणि आजच्या हिंदीतही त्याचा अर्थ आधार असलेलं, ग्राह्य धरावं असं. म्हणून हिंदीत 'प्रामाणिक ग्रंथ' सहज चालतं. मराठीत तो माणसाच्या वागण्यासाठी राखून ठेवला गेला. प्रामाणिक रिक्षावाला, प्रामाणिक कबुली, प्रामाणिक प्रयत्न. चवीला खोटं बोलताच येत नाही, मग ती प्रामाणिक कशी असेल? ओळ बहुधा हिंदी मजकुरावरून उचललेली आहे.

'अस्सल' मात्र वस्तूला लागतो. अरबी 'अस्ल' म्हणजे मूळ. मराठीत त्याचं वजन वाढलं ते दप्तरात, 'नक्कल'च्या जोडीने. सरकारी कचेरीत आपण आजही नक्कल मागतो. इतिहासाचे अभ्यासक 'अस्सल पत्र' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात अगदी ठोस गोष्टी असतात: शिक्का, तारीख, अक्षराचं वळण, कागद. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळली ती बखरींतली माहिती अशा कागदांशी ताडून पाहता यावी म्हणून. म्हणजे ताडून पाहण्याची सोय हा 'अस्सल' या शब्दाचा जीव आहे. पाकिटावर नुसतं 'अस्सल कोकणी' लिहिलं आणि ताडायला काहीच दिलं नाही, तर वाचणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा?

आंबेवाला
कोशवाचक यांच्या मुद्द्याला हापूसचं उदाहरण चपखल बसतं. 'अस्ल' म्हणजे मूळ खरं, पण हापूसच्या झाडाचं मूळ हापूसचं नसतंच. रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या साध्या, आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. जमिनीखाली रायवळ, वर हापूस. शिवाय प्रत्येक कलम म्हणजे आधीच्या झाडाची हुबेहूब नक्कल. तरीही त्याला अस्सल म्हणतो, कारण आपल्याला त्यात जात, जमीन, हवा आणि पिकवण्याची रीत असं सगळं मिळून अभिप्रेत असतं.

हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालं ते २०१८ मध्ये, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या 5 जिल्ह्यांसाठी. तरी दर हंगामात कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपवला जातो. अहो, खोकं कुठलंही छापून मिळतं, खोक्यात घालायला कोकणातलं वर्तमानपत्रही रद्दीत मिळतं! म्हणून देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर चिकटवायचं, वेगळा क्रमांक असलेलं स्टिकर आणलं. दप्तरातला शिक्का फळावर आला म्हणा ना.

कोकमवाली
आम्ही वर्षाला काही क्विंटल माल करणारी माणसं. स्टिकर आणि क्रमांक आम्हाला कसे परवडणार? आम्ही काय लिहावं?

कोशवाचक
तुमच्याकडे शिक्क्याइतकेच भक्कम शब्द आहेत, फक्त ते तुम्हाला रोजचे वाटतात. आमसुलं कशी करता ते लिहा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडली, बिया-गर वेगळा काढला, सालं मिठाच्या रसात बुडवली, उन्हात घातली, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. 'पुट देणं' म्हणतात ना तुमच्याकडे? मग तोच शब्द घाला, आणि किती पुटं देता तेही लिहा. ज्याने आजीला मांडवावर सोलं पसरताना पाहिलंय त्याला एका 'पुटा'त सगळं कळेल. ज्याने पाहिलेलं नाही तो विचारेल, आणि गिऱ्हाइकाशी बोलणं तिथूनच सुरू होतं.

विशेषण लावायला कुणालाही पैसे पडत नाहीत. क्रियापद आणि धंद्यातला शब्द तसा फुकट येत नाही, कारण ते काम केलेल्यालाच तो नीट वापरता येतो. 'हातसडीचा तांदूळ', 'लाकडी घाण्याचं तेल' यांनी बाजारात जी जागा मिळवली ती यामुळेच. दोन्हींत 'शुद्ध' नाही, 'अस्सल' नाही. काय केलंय एवढंच सांगितलंय, आणि म्हणूनच 'घाणा दाखवा' असं विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला मिळतो.

फोटोचंही तसंच. उन्हात वाळलेलं आमसूल काळपट असतं, कधी त्यावर मिठाची पांढरी खर दिसते. फोटोवाला ते लालचुटुक करून देईल. करू देऊ नका. पाकीट उघडल्यावर जे दिसणार आहे तेच फोनवर दिसलं पाहिजे. मराठीत ऑथेंटिकच्या या अर्थाला, म्हणजे आहे तसं दिसणं आणि बोललं तसं वागणं, एकच नाम आहे असं मला वाटत नाही. आपण ते वाक्यानेच सांगतो. तुकोबांचं 'बोले तैसा चाले' हे त्याचं सर्वांत नेमकं मराठी रूप.

लेबलतपासनीस
एक व्यवहाराची गोष्ट. खाण्याच्या मालावर हे शब्द मनाला येतील तसे लिहिता येत नाहीत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये जाहिराती आणि दाव्यांबाबत विनियम केले, त्यांत नैसर्गिक, ताजं, शुद्ध, मूळ, पारंपरिक, अस्सल अशा अर्थाच्या शब्दांना अटी आहेत. 'शुद्ध' म्हणायचं तर पदार्थ एकाच घटकाचा हवा, त्यात दुसरं काही घातलेलं नको. आगळात मीठ असतं, म्हणजे 'शुद्ध आगळ' लिहू नका. 'कोकमाचा रस आणि मीठ, साखर नाही' असं लिहा. 'पारंपरिक'साठी कृती पिढ्यान्‌पिढ्या फारशी न बदलता चालत आलेली असावी लागते. तुमची आमसुलं त्यात बसतील. साखर घातलेल्या सरबताला तोच शब्द लावताना मात्र विचार करा.

चपलाकार
ठिकाणाच्या नावाबद्दल थोडं. 'कोल्हापुरी' म्हटलं की लोकांना वाटतं कोल्हापूर शहरातली. २०१९ च्या मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्यासोबत कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हेही जिल्हे आहेत. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या कारागिराने बनवलेली चप्पलही हक्काने कोल्हापुरी. उलट २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच घडणीच्या चपला आणल्या तेव्हा कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. इथून ओरड झाल्यावर त्यांनी भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. वस्तू कुणाची ते न सांगणं हाही खोटेपणाच, असं माझं ठाम मत आहे. कोकमवाली, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन आहे. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद होते का ते पाहा. तोवर गावाचं नाव लिहा, 'कोकणातलं' असं मोघम नको.

भिरंड
गोव्यात गिऱ्हाईक असेल तर 'रातांबा'बरोबर 'भिरंड' आणि 'सोलां' हे शब्दही एखाद्या ओळीत येऊ द्या. आमच्याकडे भिरंडच म्हणतात. आपल्या घरातला शब्द दिसला की माणूस थांबून वाचतो.

कोकमवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. 'प्रामाणिक चव' काढली. आता असं लिहिलंय: 'कुडाळ तालुक्यातले रातांबे. मिठाच्या रसाची पुटं देऊन उन्हात वाळवलेली आमसुलं. रंग काळपट असतो. पाऊस लवकर आला की माल कमी होतो, मग पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबावं लागतं.' शेवटचं वाक्य मजकूरवाल्याला अजिबात आवडलं नाही.

एक शंका राहिली. 'घरगुती' लिहावं का? हंगामात वाडीतल्या बायका रोजावर कामाला येतात.

कोशवाचक
शेवटचं वाक्य ठेवाच. माल संपतो असं सांगणारा दुकानदार लोकांच्या लक्षात राहतो.

'घरगुती'चे दोन अर्थ आहेत: घरातलं किंवा घरात केलेलं, आणि घरच्या वापरासाठी केल्यासारखं. 'घरगुती गॅस', 'घरगुती भांडण' यांत पहिल्याच्या जवळचा अर्थ आहे. 'घरगुती चव' म्हणताना दुसरा. काम तुमच्या अंगणात होत असेल तर पहिल्या अर्थाने शब्द चुकत नाही. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकटी आई-आजी येते आणि रोजावरच्या बायका त्या चित्रात कुठेच नसतात. कष्ट त्यांचेही आहेत. 'आमच्या अंगणात, वाडीतल्या बायकांच्या हातची' असं लिहिलंत तर तेही खरं होईल आणि त्यांचंही नाव राहील.

आंबेवाला
सहमत. आणि त्यांची हरकत नसेल तरच फोटो टाका, आधी विचारून.