सीएनसी राउटरचे स्टेप्स प्रति मिमी (एक मिमी सरकायला मोटरने किती पावलं टाकायची): हिशेबाचा आकडा ठेवावा की मोजून बदलावा?

खटपट्या: १० मिमीचा चौकोन कापायचा, कॅलिपरवर ९.९५ दिसला की जीआरबीएल या यंत्र चालवणाऱ्या फर्मवेअरमधला $१०० (एक्सचे स्टेप्स प्रति मिमी) बदलायचा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आठ भाग), ८ मिमी लीडचा म्हणजे एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा स्क्रू: २००×८÷८ = २००. हा आकडा यंत्राच्या रचनेतून येतो. ९.९५ मध्ये बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रू-नटमधला ढिलेपणा), कटरचं वाकणं, कटरचा खरा व्यास, कॅलिपर तिरका धरणं, सगळं मिसळलेलं असतं. तो फरक अर्धा टक्का धरून सुधारलात तर ३०० मिमीला दीड मिमीचा घोळ.

मोजमाप: छोट्या चौकोनाबद्दल सहमत. पण म्हणून मोजायचंच नाही? स्वस्त स्क्रूचा लीड सांगितल्याइतका असेलच असं नाही, आणि बेल्ट तर ताणाप्रमाणे बदलतो. व्ही-बिटने (टोकदार कटरने) एक ठिपका पाडा, ३०० मिमी सरका, दुसरा पाडा. दोन्ही ठिपक्यांवर एकाच दिशेने या, म्हणजे बॅकलॅश गणितात येत नाही. २९९.६ भरलं तर २००×३००÷२९९.६ = २००.२६७.

खटपट्या: बेल्टसाठी मान्य. स्क्रूवर मात्र आधी डायल (बारीक हालचाल दाखवणारा काट्याचा मापक) लावा. एका दिशेने ०.१ मिमीच्या टप्प्यांनी काटा हलेपर्यंत चला, मग उलटे फिरा. काटा गप्प असताना जितकं अंतर चालवलं तितका बॅकलॅश. नट आणि कपलिंगचे ग्रब स्क्रू आवळा. मूळ जीआरबीएलमध्ये बॅकलॅश भरपाईची सोयच नाही, त्यामुळे तो सेटिंगमध्ये लपवता येत नाही.

कामापुरतं: एवढ्या बारकाव्यात शिरायची गरज नाही. प्लेट ठेवून प्रोब केलं, म्हणजे बिट प्लेटला टेकवून शून्य ठरवलं, की झालं. होमिंग स्विचसुद्धा (यंत्राला ठरलेल्या कोपऱ्यात नेऊन त्याचं शून्य ओळखणारे) लागत नाहीत.

मोजमाप: इथे मी पूर्ण विरोधात आहे. जी५४ ऑफसेट (यंत्राच्या शून्यापासून कामाचं शून्य किती लांब) मेमरीत राहतो, पण होमिंग नसेल तर यंत्राचं शून्य म्हणजे चालू करताना स्पिंडल जिथे उभा होता ती जागा. काम चालू असताना वीज गेली की एक्स-वाय हातचे गेले. शिवाय होमिंगशिवाय सॉफ्ट लिमिट (यंत्राला हद्दीबाहेर जाऊ न देणारी सेटिंग) चालत नाहीत. आणि स्विच बसवले म्हणजे संपलं नाही: $२५ हा स्विच वेगात शोधायचा वेग, $२४ हा हळू स्पर्शाचा. दहा वेळा होम करून डायलची नोंद घ्या. आकडे विखुरले तर स्विच सैल आहे किंवा $२४ जास्त आहे. स्पिंडल चालू असताना मधेच लिमिट अलार्म येत असेल तर ती तारेतली गडबड: शील्डेड वायर वापरा, स्विचच्या तारा स्पिंडलच्या तारेपासून लांब न्या.

कामापुरतं: एक्स-वायचं पटलं. झेडसाठी प्रोबच खरा, कारण बिट बदलला की लांबी बदलते.

खटपट्या: तिथे वाद नाही. फक्त जी३८.२ झेड-२० एफ५० ही प्रोबची आज्ञा देण्याआधी प्लेट हाताने बिटला टेकवून स्टेटसमध्ये प्रोबची खूण येते का पाहा. क्लिप निसटलेली असेल तर बिट थेट प्लेटमध्ये घुसतो. त्यानंतर जी५४ चं शून्य ठरवणाऱ्या जी१० एल२० पी१ मध्ये प्लेटची जाडी मायक्रोमीटरने मोजूनच टाका.