सोसायटी ग्रुप: एकदा डेंग्यू होऊन गेला, मग परत कसा?

मनीषा (ए-३०२): रोहनचा रिपोर्ट आला, डेंग्यूच निघाला. एनएस वन ही डेंग्यूची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह. पपईची पानं आहेत का कुणाकडे, सी विंगमागचं झाड कुणीतरी आधीच ओरबाडून ठेवलंय

पाटील काका: अगं त्याला आठवीत असताना पण झालेला ना? एकदा झाला की इम्युनिटी येते म्हणतात. लॅबवाले काहीही देतात हो हल्ली

तेजश्री (बी-५०१): काका मी लॅबमध्येच असते बरं का 😀 रिपोर्ट बरोबरच असेल. डेंग्यूच्या व्हायरसचे टाइप चार आहेत. जो टाइप होऊन गेला त्याच्या अँटीबॉडीज जन्मभर राहतात, तो परत सहसा होत नाही, पण बाकीच्या तिघांपासून बचाव काही महिनेच मिळतो

पाटील काका: मग दुसऱ्यांदा जास्त होतो म्हणतात ते खरं का? उलट सवय व्हायला पाहिजे शरीराला

तेजश्री: होऊ शकतो, होतोच असं नाही, बहुतेक जण दुसऱ्यांदाही नीट बरे होतात. पण त्याचं असंय की जुन्या अँटीबॉडीज नव्या टाइपला अर्धवट ओळखतात, म्हणजे चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत, आणि रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचं कामच असं की अँटीबॉडी चिकटलेलं काही दिसलं की आत ओढायचं आणि संपवायचं, तर त्या यालाही आत घेतात आणि डेंग्यूला नेमकं त्याच पेशींत वाढायचं असतं. वॉचमननेच चोराला लिफ्टने वर सोडल्यासारखं. फिलिपिन्समध्ये २०१६ ला शाळेतल्या लाखो पोरांना डेंग्यूची लस दिली आणि २०१७ च्या शेवटी बंद करावी लागली, कारण ज्यांना आधी डेंग्यू झालाच नव्हता त्यांना लसीनंतर खरा डेंग्यू झाला तर तो गंभीर व्हायचा धोका वाढत होता

कुलकर्णी (सी-१०४): गुळवेलीचा काढा द्या दिवसातून तीनदा, प्रतिकारशक्ती वाढली की आपोआप जाईल 🙏

तेजश्री: कुलकर्णी काका राग नका मानू, पण इथे प्रतिकारशक्ती कमी पडते हा प्रॉब्लेमच नाहीये. ती भडकते. पेशी इतकी केमिकल्स सोडतात की बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात नाहीतर छातीत उतरतं आणि बीपी पडतं. पपईच्या रसाने ही गळती थांबत नाही, आणि उलट्या होत असताना तो कडू रस पाजायचा म्हणजे आहे तेवढं पाणीही बाहेर. मनीषाताई, ताप कितवा दिवस?

मनीषा: आज पाचवा. पण सकाळपासून उतरलाय गं, ९८ आहे. मी म्हटलं सुटलो एकदाचे

तेजश्री: नाही ताई, हाच टाइम जपायचा. व्हायरस कमी होतो म्हणून ताप उतरतो, गळती मात्र त्याच सुमारास सुरू होते, पुढचे एक-दोन दिवस. पोट दुखतंय का? लघवी किती वेळा झाली?

मनीषा: पोट दुखतंय म्हणतोय, दोनदा उलटी झाली. लघवी सकाळी एकदाच. प्लेटलेट्स ८५ हजार आहेत

कुलकर्णी: बापरे! डोनर बघू का? माझ्या भाच्याचा रक्तदात्यांचा ग्रुप आहे

तेजश्री: थांबा, ८५ हजारला कुणी प्लेटलेट्स चढवत नाही. सगळे तोच आकडा धरून बसतात. ताई, त्याच रिपोर्टमध्ये पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट लिहिलेलं असेल, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के, ते बघा. कालचं पण सांगा

मनीषा: काल ३९, आज ४६

तेजश्री: रक्त घट्ट होतंय. पाणी बाहेर चाललंय. आत्ताच्या आत्ता दोन्ही रिपोर्ट घेऊन हॉस्पिटलला जा, संध्याकाळच्या ओपीडीची वाट नका बघू. आणि पोटदुखीला ब्रुफेन वगैरे अजिबात देऊ नका, रक्तस्राव वाढतो

पाटील काका: मनीषा, गाडी काढतोय, गेटपाशी या

*

मनीषा: अ‍ॅडमिट केलं. सलाईन चालू आहे. पीसीव्ही परत परत बघणारेत म्हणाले. पण बाटली इतकी हळू सोडलीये, सिस्टरना सांगू का फास्ट करायला?

तेजश्री: नका सांगू ताई. ते मोजूनच देतात. दोन दिवसांनी हेच झिरपलेलं पाणी आपोआप रक्तात परत येतं, तेव्हा वरून जास्त दिलेलं असेल तर फुफ्फुसात भरतं आणि दम लागतो

पाटील काका: मी आहे इथे खाली कँटीनला. चहा पाठवू का वर?