मीटर जोरात फिरतो की पंखे?

ब-३०२ (नाना): सर्व सभासदांस नमस्कार. आम्ही घरात दोघेच राहत असूनही मे महिन्याचे बिल ३४० युनिटचे आले आहे, तेव्हा मीटरच जोरात फिरत असावा अशी मला दाट शंका आहे. शिवाय ३०० ओलांडल्याने सगळीच युनिट महाग झाली, हा निव्वळ अन्याय आहे.

अ-१०१: जिन्यातले दिवे सकाळी नऊपर्यंत जळत असतात, याकडे मी पुन्हा लक्ष वेधतो.

सचिव: नाना, सगळी युनिट महाग होत नाहीत, ३०१ ते ५०० या टप्प्याचा दर केवळ तुमच्या वरच्या ४० युनिटना लागला आहे. तुमच्याकडचे तिन्ही पंखे जुने असून असा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरच्या, पंख्याला ३०च्या आसपास पुरतात. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात.

ब-३०१: नानांच्या हॉलमधला पंखा खुर्च्यांनाही वारा घालतो, दार उघडे असल्यामुळे दिसते म्हणून सांगितले. 😀

ब-३०२ (नाना): दुसऱ्यांच्या दारातून आत पाहू नये, एवढे सौजन्य अपेक्षित आहे.

क-२०३: वाद नको. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून चालूच राहतो, म्हणून रात्री भिंतीवरचे बटण बंद करावे. तो १० वॉट घेत असेल तरी चोवीस तास धरून महिन्याला ७ युनिट जातात.

अ-१०१: जिन्यातल्या दिव्यांवर कोणीच बोलत नाही.

खजिनदार: त्यांचे बटण आपल्याच दाराशेजारी आहे, काका. टाकी भरून वाहते तेव्हा ५ अश्वशक्तीचा पंप अर्ध्या तासात जवळपास २ युनिट खातो, त्याचे काय? टाकी भरताच पंप आपोआप बंद करणाऱ्या फ्लोट स्विचचा खर्च गेल्या सभेत कोणी नामंजूर केला, ते इतिवृत्तात नमूद आहे.

अ-१०१: माझा आक्षेप खर्चाला नव्हता, एकाच कोटेशनला होता.

ब-३०२ (नाना): ते सभेत बोलावे. आमचे रेग्युलेटर जुने, मोठ्या खोक्याचे आहेत. पंखा दोनवर ठेवला तर वीज वाचतेच ना?

सचिव: फारशी नाही, कारण उरलेल्या विजेतली बरीचशी त्या खोक्यातच उष्णता होऊन जाते, हात लावून पाहा, गरम लागेल. बीएलडीसी पंखा बसवताना तो खोका वायरमनकडून काढून घ्यावा, त्या पंख्याचा वेग रिमोटने बदलतो.

ब-३०२ (नाना): आमच्याकडे टीव्हीचा रिमोटच सापडत नाही. तूर्त हॉलचा एकच पंखा बदलतो. कोणाचा वायरमन असल्यास रविवारी पाठवावा.